निजण्यापूर्वीचे निवळणे: एका स्वमग्न प्रौढाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच दिसेल. तुमचे वय चौतीस आहे, स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान दोन वर्षांपूर्वी झाले आहे आणि दिवसभराचे काम सतत माणसांशी बोलण्याचे आहे. रात्री साडेदहा वाजता तुम्ही मोबाइल बाजूला ठेवता, दिवे मालवता, अंथरुणावर पडून सांगितल्याप्रमाणे श्वासाकडे लक्ष देता, आणि तरीही दीड-दोन वाजेपर्यंत टक्क जागे असता. दिवसभर अंगात त्राण नसते, पण पाठ टेकली की शरीर जागे होते, असे तुम्ही लिहिले आहे. शेवटी तुम्ही विचारले आहे की, रोज रात्री तीच जुनी मालिका पुन्हा पाहण्याची सवय सोडावी का, कारण भेटेल तो तुम्हाला ती सोडण्यास सांगतो.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत प्रौढ वयात निदान झालेल्या स्वमग्न स्त्री-पुरुषांची संख्या मोठी असते. त्यांच्याबरोबर काम करताना माझे असे मत झाले आहे की, अशा तक्रारीत झोपेची अडचण कमी आणि दिवसातून बाहेर पडण्याची अडचण अधिक असते. साडेदहाला तुम्ही दिवस बंद करता, परंतु तो त्या वेळी संपलेला नसतो. गढूळ पाणी भांडे स्थिर ठेवल्यावरच निवळते आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच. तुम्ही मात्र ते भांडे साडेदहापर्यंत हलवत ठेवता आणि पावणेअकराला तळ दिसावा अशी अपेक्षा करता. यात तुमचा दोष नाही, कारण झोपेविषयीचा सर्वसाधारण सल्लाच तसा दिला जातो.

तरीही तुमच्याबाबतीत हेच खरे आहे असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण एक गोष्ट आधी तपासावी लागेल. स्वित्झर्लंडमधील निद्रासंशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली म्हणजे जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक वाढत जाणारी झोपेची ओढ, आणि दुसरी म्हणजे शरीरातील घड्याळ, जे कोणत्या वेळी झोपू द्यायचे ते ठरवते. माझ्या कामात मला या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट नेहमी पाहावी लागते, ती म्हणजे शरीराची सतर्कता. ओढ पुरेशी असेल, घड्याळही अनुकूल असेल, पण शरीर पहाऱ्यावर उभे असेल तर झोप दारातूनच परत जाते. त्यामुळे, सलग आठ-दहा दिवस सुट्टी असते, गजर लावावा लागत नाही, तेव्हा काय होते ते आठवून पाहा. त्या दिवसांत तुम्ही दोन वाजता सहज झोपत असाल आणि दहा वाजता ताजेतवाने उठत असाल, तर तुमचे घड्याळच उशिराचे आहे. अशा वेळी रात्री कितीही शांत वातावरण केले तरी त्याचा उपयोग मर्यादित राहील; उठल्याबरोबर भरपूर उजेड घेणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि ती थोडी थोडी अलीकडे आणणे, हाच खरा उपाय ठरेल. याउलट, माणसांत न गेलेल्या दिवशी तुम्हाला अकरालाच झोप लागत असेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठीच आहे.

उजेडाविषयी थोडक्यात सांगते, कारण तो भाग बहुतेकांना ठाऊक असतो. डोळ्यांच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवण्यासाठी असतात आणि त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. मेलाटोनिन हे संप्रेरक नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी वाढू लागते आणि प्रखर उजेड ते दडपतो. एवढ्यावरून मोबाइललाच सगळा दोष देण्याची पद्धत पडली आहे, परंतु छतावरचा पांढरा दिवा साडेदहापर्यंत डोक्यावर तळपत असेल तर नुसता मोबाइल दूर ठेवून फारसे साधत नाही. रात्री आठ-साडेआठनंतर छतावरचे दिवे बंद करून खाली ठेवलेला, पिवळसर, मंद दिवा वापरा. ज्यांना प्रखर प्रकाश दिवसाही सोसत नाही, त्यांना याचा दुहेरी लाभ होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दिवसभर माणसांत वावरताना तुम्ही बहुधा मुखवटा घालून वावरता: नजर कुठे ठेवायची, आवाज किती ठेवायचा, हाताच्या हालचाली कशा आवरायच्या, समोरच्याच्या वाक्याचा खरा अर्थ काय, हे सगळे तुम्हाला जाणीवपूर्वक करावे लागते. त्यासाठी शरीर पूर्ण वेळ सतर्क राहते. दिवसाच्या धबडग्यात त्या ताणाची जाणीवही होत नाही, कारण अनेक स्वमग्न व्यक्तींना स्वतःच्या भावना उशिरा कळतात. सकाळच्या एखाद्या संभाषणाचा राग किंवा भीती त्यांना रात्री अकरा वाजता, अंधारात, अचानक गाठते. मग ते संभाषण शब्दशः पुन्हा सुरू होते. म्हणून निवळण्याची सुरुवात निजण्याच्या वेळी करून चालत नाही. ती घरात पाऊल टाकताच करावी लागते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की घरी आल्यावरची पहिली तीस ते पंचेचाळीस मिनिटे कोणाचीही नसावीत. त्या वेळेत प्रश्न नकोत, निर्णय नकोत आणि शक्यतो बोलणेही नको. कपडे बदलावेत, अंधाऱ्या खोलीत बसावे, येरझारा घालाव्यात, डोलावे, एकच सूर गुणगुणावा. दिवसभर आवरून धरलेल्या हालचालींना मोकळीक द्यावी. घरातील माणसांना हे आधी समजावून सांगावे लागते, नाहीतर ते या गप्प बसण्याला रुसवा समजतात. दिवसातील प्रसंग मनात घोळत असतील तर ते याच वेळी, संध्याकाळी, कागदावर उतरवावेत. अंथरुणावर वही घेऊन बसू नये.

यानंतर मी एक चूक कबूल करते, जी मी व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेकदा केली. झोप न येणाऱ्या प्रत्येकाला मी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत असे. एका बाईंनी तीन आठवडे ते निष्ठेने केले आणि चौथ्या आठवड्यात मला सांगितले की, आता त्यांना आपला श्वास आपोआप चालत नाही, तो आपणच चालवतो आहोत असे वाटते आणि म्हणून त्या झोपायलाच घाबरतात. तुम्ही ध्यानाने अस्वस्थ होता असे लिहिले आहे, ते मला अजिबात नवल वाटण्यासारखे नाही. स्वमग्न लक्षाचे एक वैशिष्ट्य डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मधील लेखात मांडले आहे. त्यांच्या मते स्वमग्न व्यक्तीचे लक्ष थोड्या गोष्टींवर पण खूप खोलवर एकवटते. असे लक्ष एखाद्या गोष्टीत शिरले की सहज बाहेर निघत नाही, आणि त्याला कुठेच शिरू दिले नाही तर ते विश्रांती घेत नाही. ते मिळेल त्या गोष्टीत शिरते. अंधार, शांतता आणि रिकामे मन यांचा सल्ला देणारे हे विसरतात. रिकामी जागा दिसली की तुमचे लक्ष नळाच्या थेंबात शिरेल, हृदयाच्या ठोक्यात शिरेल, नाहीतर सकाळच्या त्या संभाषणात शिरेल. त्याला धरायला काहीतरी द्यावे लागते, आणि ते मंद उताराचे असावे लागते.

तुमच्या मालिकेचे उत्तर इथे आहे. ती सोडू नका. ज्या मालिकेतील प्रत्येक संवाद तुम्हाला पाठ आहे, तिच्यात काही नवे घडत नाही, कोणाच्या चेहऱ्याचा अर्थ लावावा लागत नाही आणि शेवट ठाऊक असतो. लक्षाला यापेक्षा सुरक्षित वाट मिळणे कठीण आहे. तिचा वापर मात्र थोडा बदला. एकच भाग, तो कोणता हे संध्याकाळीच ठरवलेले, आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद केलेली आणि पडद्याचा उजेड अगदी कमी केलेला. काही दिवसांनी पडदा पालथा ठेवून केवळ आवाज ऐकून पाहा. पुष्कळ जणांना तेवढे पुरते, कारण चित्र त्यांना आठवतच असते.

आवडीच्या विषयाबाबतही हाच विवेक करावा. स्वमग्न व्यक्तीने रात्री आपल्या आवडीच्या विषयापासून दूर राहावे, हा सल्ला मी साफ चुकीचा मानते. त्या विषयाचा कोणता भाग रात्री हाताळावा, एवढाच प्रश्न असतो. शोध घेणे, तुलना करणे, वाद वाचणे, नवे काही मिळवणे हा भाग लक्षाला पुढे ओढतो आणि त्याला शेवट नसतो. लावून ठेवणे, मोजणे, पुसणे, जुन्या नोंदी पुन्हा वाचणे, पाठ असलेली यादी मनात म्हणणे हा भाग त्याच विषयाचा असून त्याला टोक असते. रेल्वेच्या वेळापत्रकांत रमणारे एक गृहस्थ रात्री नवनवे मार्ग जुळवत बसत आणि त्यांना तीन वाजत. आम्ही एवढेच बदलले की, रात्री एकाच मार्गावरील स्थानके पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणायची. शेवटच्या स्थानकापर्यंत ते क्वचितच पोहोचतात, असे त्यांनी मला नंतर कळवले.

आणखी एक अडथळा दिसायला क्षुल्लक असतो आणि त्यानेच रोजचा तास-दीड तास जातो. ‘आता झोपायला जातो’ हे एक काम वाटते, पण त्यात उठणे, खोली बदलणे, दात घासणे, पाण्याचा स्पर्श सोसणे, कपडे बदलणे, दिवे बंद करणे अशी अनेक स्थित्यंतरे असतात. ज्याला एका कृतीतून दुसऱ्या कृतीत जाणे जड जाते, तो माणूस दमल्यानंतर या पायऱ्यांसमोर तसाच बसून राहतो आणि लोक त्याला आळस म्हणतात. यावर माझा उपाय अगदी रोखठोक आहे: ही सगळी कामे रात्रीच्या जेवणानंतर लगेच, अंगात थोडे बळ असतानाच उरकावीत. दात आठ वाजता घासले म्हणून काही बिघडत नाही. नंतर निजण्यासाठी फक्त आडवे होणे उरले पाहिजे.

संवेदनांचा भाग मी एकदा रात्रीच, दिवे बंद करून तपासायला सांगते, कारण दिवसा तो सापडत नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना मिळणाऱ्या तीव्र किंवा क्षीण प्रतिसादाला स्वमग्नतेच्या निकषांत स्थान दिले, तेव्हा हा नाजूकपणाचा विषय नाही हे आता तरी मान्य व्हावे. अंथरुणावर दहा मिनिटे पडून राहा आणि जे जे जाणवेल ते टिपा: चार्जरची बारीक गुणगुण, दाराखालून येणारी उजेडाची रेघ, उशीच्या अभ्र्याची शिवण, सदऱ्याच्या मानेवरचे लेबल, धुण्याच्या पावडरीचा वास, पायाकडे गोळा झालेले पांघरूण. यातील एकेक गोष्ट दूर करणे स्वस्त आणि सोपे असते. अनियमित आवाज टाळता येत नसेल तर पंख्यासारखा अखंड, एकसुरी आवाज त्यावर पांघरता येतो, अर्थात तो आवाज तुम्हाला सोसत असेल तरच. वजनदार पांघरुणाविषयी हमखास विचारले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वमग्न मुलांवरील एका चाचणीत अशा पांघरुणाने झोपेच्या मोजमापात सुधारणा दिसली नाही, पण मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा तेच आवडले. माझा अनुभवही असाच आहे: ज्यांना दाब हवाहवासा वाटतो त्यांना ते शांत करते, ज्यांना गरम होते किंवा कोंडल्यासारखे वाटते त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. विकत घेण्याआधी दोन-तीन नेहमीची पांघरुणे एकावर एक घेऊन पाहावे.

निजण्याच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते, हे अनेक अभ्यासांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले असून तो फरक सरासरी दहा मिनिटांचा होता. हातापायांकडे रक्त वाढते, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराच्या आतले तापमान उतरते, हे त्यामागचे कारण. ज्यांना ओले होणे आणि पुन्हा कोरडे होणे हेच असह्य वाटते, त्यांनी केवळ पाय गरम पाण्यात बुडवून बसावे.

‘झोप आली की मगच अंथरुणावर जा’ हा सल्ला मी तुम्हाला जसाच्या तसा देणार नाही, कारण अनेक स्वमग्न व्यक्तींना शरीराच्या आतले संकेत अस्पष्ट कळतात. भूक, लघवी, थंडी, झोप हे सगळे एकाच अनामिक अस्वस्थतेसारखे वाटते. एका तरुणाची महिनोन्‌महिने चाललेली ‘रात्रीची बेचैनी’ ही निव्वळ भूक होती. संध्याकाळी लवकर जेवून तो पुढे सहा तास जागा राहत असे. अशांनी बाहेरून दिसणाऱ्या खुणा शोधाव्यात: एकच ओळ तीनदा वाचली जाते, नेहमीचा आवाज एकाएकी असह्य होतो, टंकलेखनात चुका वाढतात. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. त्या दोन आठवडे टिपून ठेवा आणि त्या दिसल्या की निजायला जा, मग घड्याळात दहा वाजलेले असोत वा बारा. कॅफीनबाबत एवढेच लक्षात ठेवा की, घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी उतरायला सरासरी पाच तास लागतात आणि काही जणांना त्याहून बरेच अधिक.

ठरलेला क्रम स्वमग्न माणसाला आधार देतो, हे खरे. परंतु तोच क्रम पुढे मालक होऊन बसलेला मी पाहिला आहे. चौदा पायऱ्यांचा क्रम पाळणारे एक गृहस्थ अकराव्या पायरीला दूरध्वनी आला की पहिल्यापासून सुरुवात करीत. म्हणून क्रम ठरवतानाच त्याची तीन रूपे लिहून ठेवावीत: निवांत दिवसाचे पूर्ण रूप, दमलेल्या दिवसाचे निम्मे रूप, आणि प्रवासात किंवा कोलमडून पडल्यावरचे केवळ दोन कृतींचे रूप. तिन्ही रूपांचा शेवट मात्र एकच असावा, उदाहरणार्थ तोच एक आवाज किंवा तेच एक पांघरूण. त्यामुळे क्रम मोडला असे वाटत नाही; आज दुसरे रूप होते, एवढेच वाटते.

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आजही निद्रानाशावरील वर्तनोपचाराचा कणा आहे. तिचा सारांश असा की, अंथरूण केवळ झोपेसाठी राखावे आणि झोप लागत नसेल तर तिथून उठावे. ही पद्धत परिणामकारक आहे, पण अनेक स्वमग्न प्रौढांसाठी अंथरूण हीच घरातील एकमेव सुसह्य जागा असते, आणि मध्यरात्री उठून दुसऱ्या खोलीत जाणे हे आणखी एक जड स्थित्यंतर असते. मी त्यात तडजोड करते. दिवसा विसाव्यासाठी जमिनीवर किंवा खुर्चीत वेगळी, तितकीच मऊ आणि अंधारी जागा तयार करावी. रात्री झोप लागेना तर उठून दूर जाण्याऐवजी त्याच खोलीतील त्या जागेवर येऊन बसावे आणि मालिकेचा तो भाग पुन्हा ऐकावा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे, कारण ‘आता चारच तास उरले’ हे गणित कोणालाही जागे ठेवते आणि आकड्यांत रमणाऱ्याला तर जास्तच.

शेवटी डॉक्टरांचा विषय. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असे होत असेल आणि याला तीन महिने उलटले असतील, तर हा दीर्घकालीन निद्रानाश मानतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी त्यावर पहिला उपचार म्हणून गोळ्यांऐवजी विचार-वर्तन उपचाराचीच (वर सांगितलेली बूटझिन यांची पद्धत त्याचाच एक भाग आहे) शिफारस केली आहे. त्यातील अंथरुणावरचा वेळ मुद्दाम कमी करण्याचा भाग मात्र स्वतःच्या मनाने करू नका, कारण स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि अपुऱ्या झोपेने झटका येऊ शकतो. मेलाटोनिनविषयी एवढेच की, युरोपात २०१८ मध्ये त्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला २ ते १८ वर्षे वयाच्या स्वमग्न मुलांसाठी मान्यता मिळाली. प्रौढांसाठी मात्रा आणि विशेषतः घेण्याची वेळ डॉक्टरांनीच ठरवावी, कारण चुकीच्या वेळी घेतलेली गोळी घड्याळ उलट दिशेलाही सरकवू शकते. तुम्ही आधीपासून नैराश्यावरची किंवा लक्ष टिकवण्यासाठीची औषधे घेत असाल तर त्यांची वेळ बदलून चालेल का, हेही विचारा. मोठ्याने घोरणे, श्वास अडकून जाग येणे किंवा पाय सतत हलवावेसे वाटणे यांपैकी काही असेल तर ते आवर्जून सांगा. पायांच्या तक्रारीत रक्तातील लोहाचा साठा तपासतात. हे सगळे एका कागदावर लिहून तो कागदच त्यांच्या हातात द्या, कारण ‘झोप कशी आहे?’ असे समोरून विचारले की तुमच्या तोंडून सवयीने ‘ठीक आहे’ असे निघून जाईल आणि भेट तिथेच संपेल.